पळसाचे नाव कोणी ठेवले?

(चंदीगड येथे आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने जमलेल्या मराठी भाषकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

जयंतीच्या कार्यक्रमात फुलाझाडांवर काय बोलायचे, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. संविधानावर बोला, आरक्षणावर बोला, महाडवर बोला. बोलणारच आहे. पण आज त्या सगळ्याकडे जाणारी वाट एका झाडाखालून काढायची आहे. ते झाड इथल्या शिवालिकच्या पायथ्याशी आहे आणि आपल्या सह्याद्रीत, विदर्भात, मराठवाड्यातही आहे. आपण त्याला पळस म्हणतो. इथले लोक ढाक म्हणतात.

चंदीगड प्रशासनाने काही मानचिन्हे ठरवली आहेत. वृक्ष आंबा, पक्षी राखी धनेश, प्राणी मुंगूस आणि फूल ढाकचे. म्हणजे ज्या शहराची ओळख आखीव सेक्टर, रुंद रस्ते आणि काँक्रीटच्या इमारती अशी आहे, त्या शहराने आपले फूल म्हणून रानातले फूल निवडले. हे फूल कुणी बागेत वाफा करून लावत नाही. ते माळावर, पडीक जमिनीवर, खारवट मातीतही येते. पानझड झाली की उघड्या फांद्यांवर फुलते आणि दुरून रान पेटल्यासारखे दिसते.

माझा प्रश्न साधा आहे. या झाडाला एवढी नावे आहेत, ती कोणी ठेवली? आणि एवढ्या नावांतले कुठले टिकायचे, हे कोणी ठरवले?

आधी नावे बघू. हिंदीत ढाक, पलाश, टेसू. पंजाबीत केसू. गुजरातीत खाखरो, आणि फुलाला केसुडो. मराठीत पळस, काही भागांत खाकरा. तेलुगूत मोदुग, कन्नडमध्ये मुत्तुग, संथाळीत मुरुप. संस्कृतात पलाश, पर्ण, किंशुक. या यादीकडे नीट बघा. 'पलाश' आणि 'पर्ण' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ पान. ज्याचे पान कामाचे, त्याचे नावच पान. फुलाच्या रंगावर भाळून हे नाव पडलेले नाही. रोजच्या जेवणाला, बांधाबांधीला, झाकायला पान लागायचे, आणि ते या झाडाचे मिळायचे. 'पलाश'चा प्राकृतात 'पलास' झाला आणि 'ल'चा 'ळ' होऊन आपल्याकडे पळस आला. 'किंशुक'चा प्राकृतात 'केसुअ' झाला आणि तिथून पंजाबीतला केसू, गुजरातीतला केसुडो आला. शब्द असे तोंडातोंडांतून झिजत येतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

झाडाचे नाव मग गावांना लागले. आपल्याकडे पळसगाव, पळसखेड, पळसदरी, पळसदेव. ना. धों. महानोरांचे गाव पळसखेडे. बंगालमध्ये पलाशी, जिथे १७५७ साली लढाई झाली आणि इंग्रजांचे राज्य या देशात पक्के व्हायला सुरुवात झाली. इंग्रजांनी त्याचे प्लासी केले. शाळेत आपण प्लासीची लढाई पाठ करतो, पण ते नाव आपल्या बांधावरच्या झाडाचे आहे, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

ही झाली लोकांनी ठेवलेली नावे. आता ग्रंथांनी काय केले ते बघू.

तैत्तिरीय संहितेत या झाडाच्या नावाची कथा आहे. सोम तिसऱ्या स्वर्गात होता. गायत्रीने तो आणला. आणताना त्याचे एक पान तुटून पडले आणि त्याचे हे झाड झाले, म्हणून याचे नाव पर्ण. आता, रानात राहणाऱ्या कुणालाही हे नाव का पडले ते माहीत होते. पण ते कारण यज्ञाच्या कामाचे नव्हते. त्यामुळे नावाला स्वर्गातले मूळ जोडले गेले. तिथेच पुढे सांगितले आहे की पर्ण म्हणजे ब्रह्म. आहुती देण्याची जुहू नावाची पळी या लाकडाची करावी आणि तिच्याखाली धरायची उपभृत् पिंपळाची. कशासाठी? पर्ण म्हणजे राष्ट्र, सत्ता. अश्वत्थ, म्हणजे पिंपळ, ही विश्, म्हणजे सामान्य प्रजा. पळसाची पळी वर धरली की सत्ता प्रजेच्या वर ठेवली जाते. दोन लाकडी पळ्या एकावर एक धरायच्या, आणि त्यातून समाजात कोण वर, कोण खाली, ते पक्के करायचे. ज्या पिंपळाला इथे खालची जागा दिली, त्याच पिंपळाखाली पुढे सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाली, हे आपण विसरू नये.

मग मनुस्मृती. दुसऱ्या अध्यायात मुंजीच्या वेळी मुलाच्या हातात द्यायच्या दंडाचे नियम आहेत. ब्राह्मणाच्या मुलाला बेलाचा किंवा पळसाचा दंड. क्षत्रियाला वडाचा किंवा खैराचा. वैश्याला पिलूचा किंवा उंबराचा. नुसते लाकूडच नव्हे, उंचीही ठरलेली आहे. ब्राह्मणाचा दंड केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. आणि शूद्राचा? त्याला दंडच नाही, कारण त्याला मुंज नाही, आणि मुंज नाही म्हणजे विद्या नाही. अतिशूद्र तर या हिशेबातच नाहीत. स्त्रियाही नाहीत.

म्हणजे जो पळस रानात कुणाच्याही शेळीला पाला देत होता, त्याच्यावर एका वर्णाची मालकी लिहिली गेली. जातिव्यवस्था माणसांना विभागते हे आपण नेहमी म्हणतो. ती लाकडालाही विभागते. भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या ग्रंथात होड्या बांधायच्या लाकडाच्या चार जाती सांगितल्या आहेत. हलके, मऊ, सहज जोडता येणारे लाकूड ते ब्राह्मण. हलके पण टणक ते क्षत्रिय. मऊ पण जड ते वैश्य. टणक आणि जड ते शूद्र. सुताराला लाकडाचा गुण कळावा म्हणून हलके-जड, मऊ-टणक एवढे शब्द पुरेसे होते. त्यावर वर्णाचे नाव चिकटवण्याची गरज सुताराला नव्हती. ती गरज कुणाची होती, हे तुम्हाला सांगायला नको.

आता या पवित्र झाडाची दुसरी बाजू. पळसाच्या फांद्यांवर लाखेचा किडा पोसला जातो. लाख म्हणजे बांगड्यांना, मोहोर उठवायला, लाकडाला चकाकी द्यायला वापरतात ती. पळस, बोर आणि कुसुम ही या किड्याची मुख्य झाडे. लाखेचे महत्त्व एवढे मोठे की इंग्रजांच्या काळात, १९२४ साली, रांचीजवळ नामकुम इथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. फांदीवर किड्याचे बी बांधणे, फांद्या छाटणे, लाख खरवडणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने आदिवासी आणि गरीब शेतकरी कुटुंबांनी केले.

मनुस्मृती या लाखेबद्दल काय म्हणते? दहाव्या अध्यायात आहे: मांस, लाख आणि मीठ विकणारा ब्राह्मण तत्काळ पतित होतो. बघा, झाड एकच. त्याची काठी हातात धरली की मुलगा ब्रह्मचारी होतो आणि त्याच्याच फांदीवरची लाख विकली की माणूस पतित होतो. फरक झाडात नाही, कामात आहे. ज्यात हात मळतात, घाम येतो, बाजारात बसावे लागते, ते काम खाली. ज्यात वस्तू नुसती हातात धरायची असते, ते वर. बाबासाहेबांनी सांगितले होते की जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. या एका झाडावर ते सूत्र तपासून बघा.

पानांचेही तसेच. पत्रावळ आणि द्रोण. उत्तर भारतात पत्तल-दोने करणारी 'बारी' नावाची जातच आहे. पत्रावळ एकदा वापरून टाकायची असते, म्हणून ती सोवळ्याला चालते. दुसऱ्याचे उष्टे भांडे वापरण्याचा प्रश्नच येत नाही. पण जेवण झाल्यावर ती पत्रावळ कोण उचलतो? ओमप्रकाश वाल्मीकींच्या आत्मकथनाचे नाव 'जूठन' आहे. ते १९९७ साली आले. मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या बरला गावात लग्नाच्या पंगती उठल्यावर पत्तलांवरचे उष्टे टोपल्यांत गोळा करून घरी न्यायची वेळ त्यांच्या समाजावर कशी आणली गेली होती, ते त्यांनी त्यात लिहिले. ते गाव इथून एका दिवसात जाऊन यावे एवढ्या अंतरावर आहे. आपल्याकडे मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडा असे का सांगितले, ते यावरून कळते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. या दोन्ही गोष्टींचा धागा एक आहे. एका ग्रंथाने काही माणसांच्या हातात पळसाचा दंड दिला आणि त्या ग्रंथावर चालणाऱ्या गावाने काही माणसांच्या हातात उष्टी पत्रावळ दिली.

आता युरोपकडे वळू, कारण झाडाचे शास्त्रीय नाव तिकडून आले. आज जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत पळसाचे नाव 'ब्यूटिया मोनोस्पर्मा' असे आहे. 'मोनोस्पर्मा' म्हणजे एकबीजी. पळसाच्या शेंगेत टोकाशी एकच बी असते, ही पापडी आपण लहानपणी गोळा केलेली असते. म्हणजे नावाचा हा अर्धा भाग झाडाकडे बघून ठेवलेला आहे. पण 'ब्यूटिया'? ते ब्यूटचा तिसरा अर्ल जॉन स्टुअर्ट याच्या सन्मानार्थ. हा १७६२-६३ या काळात ब्रिटनचा पंतप्रधान होता, वनस्पतींचा शौकीन होता, लंडनच्या क्यू बागेच्या उभारणीत त्याचा सल्ला असे. तो भारतात कधी आला नाही. ज्या साम्राज्याने पळसाच्या गावात लढाई जिंकली, त्याच साम्राज्याच्या एका उमरावाचे नाव काही दशकांनी पळसाला लागले.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. ब्यूटच्या आधी या झाडाला युरोपच्या शास्त्रात आपलेच नाव मिळाले होते. सतराव्या शतकात डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यात वनस्पतींची मलबारातली नावे दिली आहेत, आणि पळसाचे नाव 'प्लासो' असे आहे. या ग्रंथासाठी ज्यांनी वनस्पतींचे ज्ञान दिले, त्यांत मुख्य होते इट्टी अच्युदन. ते इळवा समाजातले वैद्य होते. म्हणजे त्या काळच्या केरळच्या व्यवस्थेत अवर्ण, मंदिराच्या जवळच्या रस्त्यावरूनही जायला बंदी असलेल्या समाजातले. पहिल्या खंडात त्यांचे निवेदन त्यांच्या लिपीत छापलेले आहे. घरातल्या पोथ्यांतून आणि अनुभवातून मिळालेले ज्ञान मी सांगितले, असे त्यात आहे. त्याच खंडात कोचीनच्या तीन कोकणी ब्राह्मण पंडितांचे निवेदन नागरी लिपीतही आहे. पण झाडांची ओळख, त्यांचे औषधी उपयोग यांचा मोठा आधार हा इळवा वैद्य होता. ज्ञान फक्त एका वर्णाकडे होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा ग्रंथ उघडून बघावा.

पुढे १७६३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आदान्सोन याने 'प्लासो' हेच या प्रजातिगटाचे शास्त्रीय नाव म्हणून छापले. ब्यूटिया त्यानंतरचे, रॉक्सबर्गच्या काळातले. वनस्पतिशास्त्राचा नियम असा की जे नाव आधी रीतसर छापले गेले, ते खरे. त्या नियमाने जर्मन शास्त्रज्ञ ओटो कुंट्झे याने 'प्लासो मोनोस्पर्मा' हे नाव वापरलेही. पण तोपर्यंत ब्यूटिया सगळीकडे रुळले होते. शास्त्रज्ञांनी मग अशा रुळलेल्या नावांसाठी अपवाद ठेवला, 'जतन केलेले नाव' म्हणून. ब्यूटिया जतन झाले आणि प्लासो बाद झाले. कारण गोंधळ नको, सोय हवी, असे दिले जाते, आणि शास्त्राच्या व्यवहारात त्या कारणाला वजन आहे. मी ते नाकारत नाही. पण रुळले म्हणजे कुठे रुळले? युरोपच्या पुस्तकांत. इथल्या रानात तर 'पलास' किती शतकांपासून रुळलेले होते. सोय कुणाची मोजायची, हे ज्याच्या हातात छापखाना असतो तो ठरवतो.

रॉक्सबर्ग कोलकात्याच्या बागेचा प्रमुख होता. त्याने अडीच हजारांहून जास्त वनस्पतींची चित्रे करून घेतली. ती चित्रे भारतीय चित्रकारांनी काढली. ती आजही वाखाणली जातात, पण चित्रकारांची नावे बहुतेक ठिकाणी नाहीत. उमरावाचे नाव झाडावर, काढणाऱ्याचे नाव कागदावरही नाही.

कुणी म्हणेल, झाडाच्या नावाने काय फरक पडतो? पडतो, आणि आता जगही ते मान्य करू लागले आहे. पळसाचा जवळचा नातेवाईक म्हणजे आपला पांगारा. लामार्कने पळसाला आधी पांगाऱ्याच्याच गटात घातले होते. या पांगाऱ्याची एक दक्षिण आफ्रिकी जात आहे. तिच्या शास्त्रीय नावात 'काफ्रा' हा शब्द होता. हा शब्द आफ्रिकेत काळ्या माणसांना दिली जाणारी शिवी आहे, तिथे तो उच्चारणे गुन्हा ठरू शकतो. अशी सुमारे दोनशे नावे होती. जुलै २०२४ मध्ये माद्रिदला झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या वेळी हा प्रश्न मताला टाकला गेला आणि बहुमताने ठरले की 'काफ्रा'चे 'आफ्रा' करायचे, म्हणजे आफ्रिकेचे. एक अक्षर गेले आणि शिवीचा देश झाला. विरोधही मोठा होता. विरोधकांचे म्हणणे असे की नाव हे फक्त खूण आहे, त्यात अर्थ बघू नका. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आडनाव विचारणारा माणूसही असेच म्हणतो, "सहज विचारलं."

आता परत चंदीगडला येऊ. या शहराचे नाव चंडीच्या मंदिरावरून आहे. ज्या गावांच्या जमिनी घेऊन ते वसवले, त्यांतली बुडैल, अटावा अशी काही नावे सेक्टरांच्या मध्ये शिल्लक आहेत. सेक्टरांना आकडे आहेत. झाडांचा आराखडा डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या देखरेखीखाली झाला. ते प्रशासक होते आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकारही, फुलझाडांवर त्यांनी पुस्तक लिहिले. रस्त्यारस्त्याला वेगळे फूल दिसावे असा त्यांचा विचार होता. त्यात अमलतास इथला, गुलमोहर मादागास्करचा, जॅकरांडा दक्षिण अमेरिकेचा. बाहेरचे झाड असण्यात वाईट काही नाही, आपण सगळेही बाहेरूनच आलो आहोत. पण कुठल्या रस्त्यावर कुठले झाड, याची नोंद या शहराकडे आहे.

आणि ज्यांनी हे शहर बांधले त्यांची? विटा, सिमेंट वाहणारे मजूर ज्या वस्त्यांत राहिले, त्यांतल्या कित्येकांना नावही मिळाले नाही. कॉलनी नंबर ४, कॉलनी नंबर ५. कॉलनी नंबर ५ नोव्हेंबर २०१३ मध्ये पाडली. कॉलनी नंबर ४ पाडली ती १ मे २०२२ रोजी, कामगार दिनी. सेक्टरलाही आकडा आणि वस्तीलाही आकडा, पण एक आकडा पत्ता झाला आणि दुसरा बुलडोझरच्या यादीतला अनुक्रमांक.

२०११च्या जनगणनेनुसार चंदीगडच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. शेजारच्या पंजाबात ते जवळपास ३२ टक्के, देशातल्या राज्यांत सर्वात जास्त. चंदीगड, पंजाब, हरियाणा या तिन्ही ठिकाणी अनुसूचित जमातींची यादीच नाही. रानाशी, जनावरांशी, वाटेशी ज्यांचे जगणे जोडलेले होते ते सांसी, बावरिया, बाजीगर हे समाज पंजाबात अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. सांसींवर तर इंग्रजांनी 'गुन्हेगार जमात' हा शिक्का मारला होता. नाव ठेवण्याच्या अधिकाराचे याहून क्रूर उदाहरण मला माहीत नाही. मूल जन्माला येण्याआधीच कायद्याने त्याचे नाव 'गुन्हेगार' ठेवले होते.

याच मातीत नाव परत घेण्याची लढाईही झाली. जून १९२६ मध्ये होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवाल गावात मंगूराम यांनी आदधर्म चळवळ उभी केली. आम्ही कुणाच्या धर्माची खालची पायरी नाही, आम्ही इथले आद्य, आमचा धर्म वेगळा, असे म्हणणारी ही चळवळ. १९३१च्या जनगणनेत पंजाबातल्या चार लाखांहून जास्त लोकांनी आपला धर्म 'आदधर्मी' असा लिहून घेतला. शिरगणतीला आलेल्या माणसासमोर आपले नाव आपण सांगायचे, एवढीच ती कृती. पण त्यासाठी गावातल्या जमीनदारांचा रोष पत्करावा लागला.

आपल्याकडे १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातल्या दुरुस्तीत 'हरिजन' हा शब्द घालायचा प्रस्ताव आला. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी त्याला विरोध केला, आणि ऐकले जात नाही म्हटल्यावर सभात्याग केला. शब्द गोड होता. पण ज्यांच्यासाठी तो होता, त्यांना विचारलेले नव्हते. गोडवा हा मुद्दाच नव्हता, विचारणे हा मुद्दा होता. आणि १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी जे नाव घेतले, ते कुणी दिलेले नव्हते, ते निवडलेले होते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. चांगला निर्णय आहे. पण समतानगराची पाटी लागली आणि स्मशानाची वाट तशीच राहिली, नळाला पाणी शेवटीच आले, तर पाटीने अर्धेच काम केले. नाव बदलणे म्हणजे लढाईचा शेवट नव्हे, ती लढाई कुणाच्या बाजूने चालली आहे याची खूण आहे. म्हणून नाव सोडून देता येत नाही आणि नावावर थांबताही येत नाही.

आता शेवटचा मुद्दा. किंशुक हे पळसाचे नाव पालीत 'किंसुक' असे येते. संयुत्तनिकायात किंसुकोपम सुत्त आहे. त्यात अशी उपमा आहे: एका माणसाने पळस कधी पाहिलेला नाही. तो पळस पाहिलेल्या लोकांना विचारत फिरतो, पळस कसा असतो? एक म्हणतो, काळा, जळक्या खुंटासारखा. दुसरा म्हणतो, लाल, मांसाच्या तुकड्यासारखा. तिसरा म्हणतो, साल लोंबणारा, शेंगा फुटलेल्या, शिरीषासारखा. चौथा म्हणतो, दाट पानांचा, वडासारखी सावली देणारा. चौघेही खोटे बोलत नाहीत. ज्याने ज्या वेळी पाहिला, तसा तो सांगतो. जातककथांतही हीच गोष्ट चार राजपुत्रांच्या रूपाने येते.

याच झाडाला पोथीने ब्रह्म म्हटले आणि एका वर्णाच्या हातात दिले. बुद्धाच्या परंपरेने त्याच झाडावरून सांगितले की तू जे पाहिलेस तेवढेच झाड नव्हे, इतरांनी काय पाहिले तेही विचार. आपण कुठल्या वाटेने जायचे, ते उघड आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच. इथे बांधकामावर, घरकामाला, सफाईला आलेले लोक झारखंडचे आहेत, बुंदेलखंडचे, बिहारचे, आपल्या विदर्भाचेही. त्यांना पळसाची नावे माहीत आहेत, उपयोग माहीत आहेत. मुळांच्या तंतूंचा दोर, बाळंतिणीला द्यायचा डिंक, ज्याला इकडे कमरकस म्हणतात, फुलांचा होळीचा रंग. पुढच्या महिनाभरात प्रत्येकाने निदान तीन माणसांना विचारावे, तुमच्याकडे याला काय म्हणतात आणि कशाला वापरतात. उत्तर लिहावे, आणि सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचे नाव उत्तराशेजारी लिहावे. इट्टी अच्युदन यांचे नाव आपल्यापर्यंत आले, कारण ते लिहिले गेले. चित्रकारांचे आले नाही, कारण ते लिहिले गेले नाही.

आणि एक म्हण. नव्या शहरात आलो, नवी नोकरी लागली, तरी जात विचारली जातेच, तेव्हा आपण उसासा टाकून म्हणतो, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. इकडेही म्हणतात, ढाक के तीन पात. ही म्हण हताशपणाची आहे. पण झाडाजवळ जाऊन बघा. ती तीन पाने नसतात. ते एकच पान असते, एका देठावरचे, तीन दलांचे. ज्यांनी ते फक्त वरवर पाहिले त्यांना ती तीन वेगळी पाने वाटली, एक वर आणि दोन खाली. देठ पाहिला की वर-खाली उरत नाही.

जय भीम.